पहिली फुंकर

१

उस्तादांच्या मरणातून औषधवाल्या भाचीला काय मिळणार होतं, हा हिशेब मामांनी सगळ्यात आधी मांडला. तो सगळ्यात सोपा होता. तिला काहीच मिळणार नव्हतं.

आणि तेच तिच्या मुळावर आलं होतं. ज्याचा फायदा होणार असतो त्याच्या हातून कुणी मेलं की लोक त्याला गुन्हा म्हणतात आणि कसून चौकशी करतात. ज्याचा फायदाच नाही त्याच्या हातून मेलं की म्हणतात चूक झाली. चूक हा शब्द फार सोयीचा. तो उच्चारला की सगळे हात झटकून घरी जातात, आणि एकटं माणूस मागे उरतं. पोलिसात उभं आयुष्य काढलेल्या मामांनी अशी मागे उरलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. त्यांतलं एक आपल्या सख्ख्या बहिणीच्या पोटचं निघेल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

भाची दुकानात बसली होती. शटर अर्धं खाली, दारावर परवाना रोखल्याचा कागद. समोर ताटलीत रिकाम्या कॅप्सूल ओतून ती त्या मोजत होती, आणि मोजून झाल्या की पुन्हा मोजत होती.

"काय चाललंय हे?"

"हात तपासतेय," ती म्हणाली. "मामा, मी चुकले नाही असं मी सगळ्यांना सांगते. पण मला तसं आठवत नाही. आठवायला गेलं की पुड्या बांधणारे माझे हात दिसतात आणि पुढे फक्त धाप ऐकू येते. मरताना लागलेली. मी तिथे नव्हतेसुद्धा, तरी ऐकू येते."

प्रकार असा होता. उस्ताद म्हणजे दिव्यांच्या काचा फुंकणाऱ्या कारखान्याचे मालक. त्यांना पेनिसिलिन चालत नसे, आणि चालत नसे म्हणजे थेट जिवावर बेतायचं. एकदा मरता मरता वाचले होते. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. काही महिन्यांपूर्वी, ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी, त्यांचा धाकटा भाऊ दुकानातून दोन पुड्या घेऊन गेला होता. एकीत उस्तादांच्या गुडघ्याच्या गोळ्या, दुसरीत त्यांच्या मुलीच्या सुजलेल्या दाढेसाठी पेनिसिलिनच्याच जातीच्या कॅप्सूल. दुसऱ्या दिवशी भर कामात, सगळ्यांच्या देखत उस्ताद सुजले, घुसमटले आणि दवाखान्याच्या वाटेवरच गेले. पोलिसांनी त्यांची पुडी उघडली, तेव्हा पांढऱ्या गोळ्यांत एक लाल-पिवळी कॅप्सूल निघाली.

पुढच्या आठवड्यात सुनावणी होती. तिच्यात परवाना कायमचा जाणार आणि मागोमाग खटला उभा राहणार, हे भाचीच्या वकिलानेच सांगून ठेवलं होतं.

"खटल्याचं जाऊ दे," भाची म्हणाली. "मी मारलं का, एवढंच मला सांगा. हो असेल तर हो सांगा."

मामांनी ताटली तिच्यापुढून ओढून घेतली. खोटा दिलासा द्यायची त्यांना सवय नव्हती.

"त्या पुडीतल्या कॅप्सूलने माणूस मेला म्हणतात ना," ते म्हणाले, "मग ती कॅप्सूल पुडीत शाबूत कशी?"

२

एक खाल्ली असेल आणि एक उरली असेल, असं उत्तर पोलिसांकडे तयार होतं. मामांना ते पटलं नाही. एवढ्या भीतीने जगणारा माणूस पांढऱ्या गोळीऐवजी लाल-पिवळी वस्तू डोळे मिटून तोंडात टाकत नाही.

कारखान्यात पाऊल टाकताच त्यांना हुंकार ऐकू आला. खोल, लांबलेला, कुणी छातीतून सोडावा तसा. ते थबकले.

"नळ्या आहेत, साहेब," भट्टीमागून एकजण म्हणाला. "दार उघडलं की वारा शिरतो आणि वाजतात. पूर्वीपण वाजायच्या. पण तेव्हा आम्ही त्याला वारा म्हणायचो."

हा राखोबा. भट्टी सांभाळणारा. आयुष्यभर राख उपसून नाव पडलेलं. भिंतीला माणसाच्या उंचीच्या लोखंडी नळ्या ओळीने टांगल्या होत्या. मधला एक खिळा रिकामा होता.

"उस्तादांची नळी. धाकट्या मालकांनी भट्टीत घातली. म्हणाले, बघवत नाही."

"तुझं काय बिघडलं उस्तादांच्या जाण्याने?"

"माझं? उलट भलंच झालं, लिहून घ्या." राखोबा हसला. "उस्ताद गॅसची भट्टी आणणार होते. मग राख कुठली आणि राखोबा कुठला. आता मी कामावर राहिलो. कारण झालं की नाही?"

"पुरेसं नाही. त्या दिवशी काय खाल्लं त्यांनी?"

"काही नाही. बायकोच्या हातचं सोडून कुणाचं पाणी घ्यायचे नाहीत. गोळी जेवल्यावर घेणार होते. त्या दिवशी जेवणापर्यंत पोचलेच नाहीत."

मोठा गोल फुंकायचा होता, राखोबा सांगू लागला. हंडीएवढा. तो एका छातीचं काम नाही. पहिली फुंकर एकाने घालायची, काचेला पोट आलं की नळी तशीच दुसऱ्याच्या ओठांत जाते आणि तो गोल पुरा करतो. इतकी वर्षं पहिली फुंकर धाकट्यांची आणि शेवटची उस्तादांची. पण त्या दिवशी धाकट्यांचं मनगट लचकलं होतं. ते म्हणाले, आज चिमणीला घालू दे. चिमणी म्हणजे उस्तादांची मुलगी. बापाचा चेहरा असा उजळला की भट्टीकडे बघायला नको.

"पोरीच्या दाढेत ठणका होता. तरी उभी राहिली. काकांनी तिच्या दाढेत कसलीशी पूड दाबली, पाठ थोपटली आणि नळी हातात दिली. तोंड वाकडं झालं तिचं, पण फुंकर काय सुरेख घातली. उस्तादांनी नळी ओठांत धरली, गोल पुरा केला, खाली ठेवला. आणि मग म्हणाले, ओठ का जड झाले माझे?"

"ओठ आधी?"

"ओठ. मग जीभ. मग गळा. मग ते..." राखोबाने भिंतीकडे पाहिलं. दार कुणीतरी उघडलं होतं. नळ्या हुंकारल्या.

"तोंडातून तोंडात नळी," मामा सावकाश म्हणाले. "पुसत नाही का मधे?"

"पुसेपर्यंत काच लोंबून जमिनीला टेकते, साहेब. घरात आम्ही एकमेकांच्या पेल्याला शिवत नाही, पण भट्टीला उष्टं नसतं."

३

दार उघडून आत आले होते ते धाकटे. ताठ, नीटनेटके, डाव्या मनगटावर अजून पट्टी.

"बाईंनी दोन पुड्या एका पिशवीत कोंबल्या आणि माझ्या हातात दिल्या," त्यांनी सांगितलं. पोलिसांना सांगितलं होतं तेच, त्याच शब्दांत. "चकार शब्द बोलल्या नाहीत. गिऱ्हाईक फार होतं. भाची आहे तुमची, वाईट वाटतं मला. माणूस आहे, चुकतो."

"पोरीच्या दाढेत काय दाबलंत?"

"घरचं मंजन."

उत्तर झटकन आलं. मामांनी मान डोलावली आणि उस्तादांचं घर गाठलं.

उस्तादांच्या बायकोला काय मिळणार होतं, तेही त्यांनी वाटेत मांडून पाहिलं. भट्टीतून सुटका. त्या बाईला कारखाना कधीच आवडला नव्हता, भांडणंही झाली होती. पण दार उघडणाऱ्या बाईकडे बघताच त्यांनी तो रकाना पुसून टाकला. तिच्या हातात नवऱ्याचा पेला होता. ती तो धूत होती, आणि बराच वेळ धूत होती.

"भाऊ, मी काय सांगू? आमच्या घरात जपायचं राहिलं नाही हो. भाऊजींनी किती जपलं! आदल्या संध्याकाळी औषधं घेऊन आले, पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही, आधी मला म्हणाले, वहिनी, चिमणीचं ताट-पेला आजपासून वेगळा. तिने औषध घेतलं की तिचं उष्टं दादाच्या तोंडाला लागता कामा नये, ओठाला लागलं तरी पुरे. मी तेव्हाच वेगळा केला पेला. तिच्या पेल्याला लाल दोरा बांधला. आणि त्या बाईने पुडीतच घोटाळा करावा?"

आतल्या खोलीत चिमणी खिडकीपाशी बसून काचेच्या कडा घासत होती. वीस-बावीसची. तिने वर पाहिलं नाही.

"भट्टीवर जात नाहीस?" मामांनी विचारलं.

"दाढ दुखते."

"अजून? महिने झाले की."

ती घासत राहिली. काच हातात तडकली तरी तिला कळलं नाही.

"एक सांगाल?" ती एकाएकी म्हणाली. "त्या औषधवाल्या बाईंना झोप लागते का?"

४

"नाही लागत म्हणून सांगितलंत का तिला?" भाचीने विचारलं.

"काहीच सांगितलं नाही. आधी तू सांग. धाकट्यांना त्या संध्याकाळी काय काय बोललीस? नीट आठव."

"ते म्हणतात ना मी काही बोलले नाही. आता मलाही वाटायला लागलंय की नसेन बोलले."

"त्यांचं सोड. तू अशा वेळी काय बोलतेस?"

भाचीने डोळे मिटले. दुकानातलं तिचं बोलणं ठरलेलं असे. गिऱ्हाईक कितीही असो, ते ती गाळत नसे. "दोन पुड्या लांब ठेवा. कॅप्सूल पाण्याबरोबर अख्खी गिळायची, फोडायची नाही, फोडली तर पूड हातातोंडाला लागते. तिने औषध घेतल्यावर तिचं उष्टं उस्तादांना देऊ नका. एक माणूस नुसता बायकोचा मुका घेऊन दवाखान्यात गेलेला मला ठाऊक आहे..." तिने डोळे उघडले. "हो. मुक्याचं सांगितलं तेव्हा ते हसले होते. मामा, ते हसले होते. मी बोलले होते."

"बोललीसच. नाहीतर त्याच संध्याकाळी घरी चिमणीचा पेला वेगळा कसा झाला? चकार शब्द न ऐकलेल्या माणसाने घरी जाऊन तुझाच शब्द न् शब्द सांगितला."

भाचीने गल्ल्याची कड धरली. मामांनी घाई केली नाही. पाऊल एकामागून एक टाकलं की पडायला होत नाही, अशी त्यांची समजूत होती.

"आता ओठांचं सांग. ओठ आधी का सुजले?"

"गिळलेल्याची गोष्ट बहुतेकदा वेगळी सुरू होते. पोट, अंगावर गांधी... ओठ आधी म्हणजे औषध ओठांनाच लागलं असणार. पण ते तर कुणाचं उष्टं..."

"भट्टीला उष्टं नसतं," मामा म्हणाले, आणि नळीची सगळी हकिकत सांगितली. पूड दाबल्याची, तोंड वाकडं झाल्याची. पोलिसांनी काय खाल्लं विचारलं, काय प्यायलं विचारलं. काय फुंकलं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार?

"आता माझा एकच प्रश्न," ते म्हणाले. "ज्या माणसाने घरात पेला वेगळा केला, त्याने भट्टीवर नळी का वेगळी केली नाही? विसरला म्हणावं, तर त्याच दिवशी त्याचं मनगट लचकतं, त्याच दिवशी पोरीला पहिली फुंकर मिळते, आणि त्याच वेळी दाढेत पूड जाते. इतकं सगळं विसरायला फार चांगली आठवण लागते."

भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण ते सुटकेचं नव्हतं.

"म्हणजे मीच सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "कसं मारायचं ते."

५

"त्या संध्याकाळी माझ्या मनात पाप नव्हतं," धाकटे म्हणाले.

कारखान्याची दुपारची सुट्टी होती. भट्टीचा लाल उजेड त्यांच्या अर्ध्या तोंडावर पडला होता. मामांनी सगळं मांडलं, उस्तादांच्या पुडीत मागाहून सरकवलेल्या कॅप्सूलसकट, तेव्हा त्यांनी नाकारलं नाही, उलट मनगटावरची पट्टी सोडून नीट गुंडाळून ठेवली.

"खरंच जपत होतो मी दादाला. वहिनीने पेल्याला दोरा बांधला. मी बघत होतो. आणि तो बघता बघता डोक्यात आलं की पेला वेगळा केला, पण नळीचं काय. उद्या सांगायला हवं. मग रात्र गेली. सकाळी मला सांगायचंच नव्हतं, साहेब. सकाळी मी मनगट बांधलं."

"कशासाठी? कारखाना अर्धा तुमचाच होता."

"कारखाना!" ते हसले. "पहिली फुंकर कुणाची हे कधी कुणी विचारलंय? काचेला जीव मी द्यायचो, पोट मी आणायचो. लोक गोल हातात घ्यायचे आणि म्हणायचे, वा उस्ताद. अर्धं आयुष्य गेलं. म्हटलं, दादा थकेल, मग शेवटची फुंकर माझी. आणि त्याने त्या महिन्यात सांगितलं, आपल्यानंतर चिमणी. मी तिच्यासाठीही पहिलीच फुंकर घालायची."

नळ्या वाजल्या. धाकट्यांनी चटकन दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. खिडकीची फट होती कुठेतरी. पण तेवढ्यात त्यांच्या कपाळावर घाम फुटलेला मामांनी पाहिला.

"रोज वाजतात," धाकटे पुटपुटले. "त्याची नळी भट्टीत घातली तरी वाजतात." मग त्यांनी स्वतःला सावरलं. "पण साहेब, हे तुम्ही कोर्टात कसं सांगणार? मी आत्ता बोललो ते नाकारीन. राखोबाने पूड पाहिली, तर ते मंजन होतं. ते औषध होतं हे एकटी चिमणी सांगू शकते. तिला विचारायचं म्हणजे आधी सांगायला हवं की, पोरी, तुझ्या तोंडाने तुझा बाप मेला. तुमच्या भाचीला सोडवायचं तर माझ्या पुतणीला बांधावं लागेल." त्यांनी भट्टीचं झाकण लोटलं. "घ्या, बांधा."

६

मामांनी ते भाचीला जसंच्या तसं सांगितलं. तिने फार वेळ घेतला नाही.

"तिला नका सांगू."

"परवाना जाईल. तुरुंगही असेल."

"मामा, मी किती महिने जगतेय असं? मी मारलं, मी मारलं. आणि माझा तर तो परका माणूस होता. तिचा तो बाप होता. मला आता ठाऊक आहे की मी नाही मारलं. तेवढं मला पुरतं."

"पुरत नाही," मामा चिडून म्हणाले. "असलं चांगुलपण त्या माणसाने गृहीत धरलंय. त्याच्या हिशेबात तू आधीच जमा आहेस."

अर्ध्या शटरखालून कुणीतरी वाकून आत आलं. चिमणी होती. ती दारापाशीच उभी राहिली, गल्ल्यापासून लांब, बोलताना तोंड किंचित वळवून.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "बाबांचे ओठ सुजले तेव्हाच कळलं मला. माझ्या तोंडात ती कडू पूड तेव्हाही होती. पुडीत कॅप्सूल सापडली असं पोलीस म्हणाले, आणि मला वाटलं, बरं झालं, मी नव्हे. पण दाढेत घातली ती सोडून माझ्या पुडीतली आणखी एक कमी होती. काकांना विचारलं तर म्हणाले, सांडली असेल." ती भाचीकडे वळली. "मी तुम्हाला हे सांगायला रोज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होते. तिथून परत जात होते. माझं चुकलं."

भाची उठली. मामांनी हाताने तिला थांबवलं. त्यांना एकच गोष्ट विचारायची होती.

"बाळ, कॅप्सूल फोडून पूड दाढेत दाबायची, हे तुझ्या मनाने केलंस?"

"नाही. काकांनी फोडली. म्हणाले, औषधवाल्या बाईंनीच सांगितलंय, असं केलं की लगेच आराम पडतो."

"मी सांगितलं होतं, फोडायची नाही," भाची म्हणाली. "का नाही, तेही सांगितलं होतं. उष्टंसुद्धा उस्तादांना लागू देऊ नका म्हणाले होते. त्यांनीच तुझा पेला वेगळा करायला लावला ना?"

चिमणी बघत राहिली. पेला, दोरा, पट्टी, पाठीवरची थाप, हातात दिलेली नळी. एकेक गोष्ट तिच्या चेहऱ्यावर येऊन बसताना मामांना दिसत होती. तिने तोंडावर हात ठेवला. मग तो हळूहळू खाली घेतला.

"म्हणजे मी नव्हते," ती म्हणाली. "मी नुसती नळी होते."

"माझ्यासारखीच," भाची म्हणाली.

सुनावणीत चिमणीने सगळं सांगितलं. काका समोर बसले होते. ती सांगेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. जी गोष्ट तिला कळू नये म्हणून सगळे गप्प बसतील असं त्यांनी धरलं होतं, ती तिने एकटीने महिनोन्‌महिने वागवली होती.

आता कुणी काय भरलं, तेवढं सांगायचं राहिलं. उस्तादांनी जीव भरला. लेकीची पहिली फुंकर ओठांत घेतल्याचा आनंद त्यांना अर्धी घटका मिळाला, तो वजा करायचा असेल त्याने करावा. धाकट्यांना तुरुंग मिळाला. तिथे नळ्या नाहीत, तरी त्यांना हुंकार ऐकू येतो असं म्हणतात. भाचीला परवाना परत मिळाला, पण गिऱ्हाइकाला औषध समजावताना ती अधूनमधून अडखळते आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघते, हा ऐकून काय करणार म्हणून. भट्टी विझवली, आणि राखोबाला दुसरं काम मिळालं नाही. सगळ्यात जास्त भरलं ते चिमणीच्या आईने. नवरा गेला, दीर गेला, आणि लेक घरात आहे, पण आई जवळ जाऊन तिच्या गालावर ओठ टेकवते तेव्हा, ती बाजूला होईपर्यंत, लेक श्वास रोखून धरते.